स्मृतिउद्यानात नाव कुठे लिहावे आणि झाड कोणते लावावे

प्रश्न: नेरूळमधील 22 सभासदांच्या एका बागप्रेमी मंडळाला विभागातील सार्वजनिक उद्यानाचा सुमारे 4 गुंठ्यांचा कोपरा देखभालीसाठी मिळणार आहे. दिवंगत आप्तांच्या आठवणीसाठी तेथे स्मृतिउद्यान करावे असा त्यांचा विचार असून आतापर्यंत 40 कुटुंबांनी नावे दिली आहेत. प्रत्येक कुटुंबाला एक झाड आणि त्यावर एक नामफलक द्यावा का, झाडे कोणती लावावीत, मुळाशी रक्षा घालू द्यावी का आणि 5 जूनला वृक्षारोपण करून उद्घाटन करावे का, असे चार प्रश्न मंडळाने विचारले आहेत.

उत्तर:

पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते मी स्वतःच्या चुकीवरून देते आहे. 12 वर्षांपूर्वी ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या एका मोकळ्या जागेवर आमच्या मंडळाने 31 कुटुंबांसाठी 31 रोपे एकाच दिवशी लावली. नियोजन माझे होते. तेवढ्या जागेत 31 रोपे बसवायची म्हणून मी दोन रोपांत 2 मीटरचे अंतर ठेवले आणि प्रत्येक रोपाजवळ लोखंडी पायावर पत्र्याचा फलक उभा केला. तिसऱ्या पावसाळ्याच्या अखेरीस त्यांतली 14 रोपे उरली होती. त्या वर्षी पितृपंधरवड्यात एक गृहस्थ सकाळीच बागेत आले. त्यांच्या पत्नीच्या नावाचा सोनचाफा मुळांशी पाणी साचून जुलैतच गेला होता. वाळलेली काडी आम्ही उपटून टाकली होती, पण फलक काढायचा राहून गेला होता. त्यांनी मला काहीही विचारले नाही. खाली बसून त्यांनी फलकावरचा चिखल हातरुमालाने पुसला, दोन्ही स्क्रू बोटांनीच फिरवून सोडवले, फलक सोबतच्या कापडी पिशवीत नीट ठेवला आणि ते निघून गेले.

रोप मरणे ही बागेतली रोजची गोष्ट आहे आणि एरवी आपण त्या जागी दुसरे लावून पुढच्या कामाला लागतो. परंतु त्या रोपाला आम्ही एका माणसाचे नाव दिले होते, त्यामुळे जे दुःख त्या घराने एकदा सोसले होते ते आमच्या हलगर्जीपणामुळे त्यांना पुन्हा सोसावे लागले. तेव्हापासून मी एका माणसाचे नाव एका झाडाला दिलेले नाही. नावे बागेची असावीत, झाडेही बागेचीच असावीत, आणि मंडळाने कुटुंबाला शब्द द्यायचाच असेल तर तो झाडाच्या आयुष्याचा न देता स्वतःच्या देखभालीचा द्यावा, कारण तेवढाच शब्द पाळणे आपल्या हाती असते.

हिशेबही तेच सांगतो. 4 गुंठे म्हणजे सुमारे 405 चौरस मीटर. बकुळ, ताम्हण किंवा उंडी यांसारख्या पूर्ण वाढणाऱ्या झाडाला 8 मीटर लांब आणि 8 मीटर रुंद जागा हवी, म्हणजे एका झाडामागे 64 चौरस मीटर. असे पाहिले तर तुमच्या कोपऱ्यात 6 झाडांपलीकडे जागा नाही. पारिजातक, कांचन किंवा खुरचाफा यांना 5 मीटर पुरतात. माझ्या मते 4 मोठी आणि 6 लहान, अशी एकंदर 10 झाडे ही तुमची मर्यादा आहे. 40 कुटुंबे आणि 10 झाडे यांचा मेळ घालण्यासाठी दाटीवाटीने लावलेली झाडे उन्हाच्या ओढीने काठीसारखी उंच आणि बारीक वाढतात, आणि वादळात प्रथम तीच मोडतात. 17 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले, त्या दिवशी ठाणे आणि नवी मुंबईत किती झाडे आडवी झाली हे तुमच्या सभासदांनी डोळ्यांनी पाहिलेले असेल.

मग नावे कुठे लिहायची? बागेच्या प्रवेशाजवळ, सावलीत, एकच शिळा बसवावी आणि सर्व नावे तिच्यावर क्रमाने कोरावीत. पुढील नावांसाठी निम्मी जागा मोकळी ठेवावी. शिळेसोबत एक पक्क्या बांधणीची नोंदवही असावी आणि तिच्यात प्रत्येक दिवंगत व्यक्तीसाठी एक पूर्ण पान द्यावे, ज्यावर नाव, जन्म आणि मृत्यूची तारीख, कुटुंबाला हवी असल्यास तिथी, संपर्कासाठी एका तरुण नातलगाचे नाव आणि त्या व्यक्तीविषयी घरच्यांनी स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिलेल्या चार ओळी असाव्यात. त्या चार ओळींचा आग्रह जरूर धरा. आमच्या वहीत एका आजींविषयी ‘हिला कढीपत्ता विकत आणलेला चालत नसे’ एवढेच वाक्य आहे, आणि त्यामुळेच आमच्या बागेच्या एका कडेला कढीपत्त्याचे झाड आहे. कुटुंबाची सही घेताना एक वाक्य आधीच लिहून ठेवावे: ‘बागेतील कोणतेही झाड जगले नाही तर त्या जागी योग्य ते दुसरे झाड मंडळ लावील, नाव शिळेवर आणि वहीत कायम राहील.’ हे वाक्य मोठ्याने वाचून दाखवावे. ऐकणाऱ्याला त्या क्षणी ते थोडे कठोर वाटते, पण पुढे त्याचाच आधार होतो.

शिळेसाठी काळा बेसाल्ट किंवा ग्रॅनाइट घ्यावा. कडप्पा स्वस्त पडतो, परंतु आपल्याकडे वर्षाला सुमारे 2,500 मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा 4 महिन्यांत पडतो. एवढ्या ओल्या-कोरड्या फेऱ्यांत कडप्प्याचे पापुद्रे सुटू लागतात आणि त्यांच्यासोबत अक्षरेही जातात. पितळी अक्षरे चोरीला जातात. शिळेचा खालचा कोर जमिनीपासून किमान दीड फूट वर असावा, नाहीतर पावसाचे थेंब मातीवर आपटून उडणारा चिखल थेट नावांवर बसतो आणि त्यावर शेवाळ धरते. पुण्याजवळ खडकीला युद्धात मरण पावलेल्या सैनिकांची दफनभूमी आहे आणि तिची देखभाल 1917 मध्ये स्थापन झालेला राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग करतो. या आयोगाच्या दफनभूमींत प्रत्येक शिळेच्या पायाशी बुटकी फुलझाडे लावण्याची रीत आहे. ती शोभेसाठी तर आहेच, पण उडणारी माती शिळेपर्यंत पोहोचू नये हाही तिच्यामागचा हेतू आहे. तुम्हीही शिळेच्या पायाशी अबोली किंवा पावसाळी लिलीची दाट ओळ लावा. कोरण्यापूर्वी प्रत्येक नावाचा कच्चा मजकूर कुटुंबाला दाखवून ऱ्हस्व-दीर्घासह तपासून घ्यावा, कारण दगडावरची चूक खोडता येत नाही.

झाडांवर पाट्या ठोकण्याविषयी एवढेच सांगते की खिळा सालीखालच्या जिवंत थराला जखम करतो आणि त्या जखमेतून बुरशी व कीड आत शिरते. खिळा नको म्हणून काही मंडळे तारेने पाटी बांधतात, ते त्याहून वाईट. खोड जाड होत जाते, तार तेवढीच राहते, आणि 3-4 वर्षांत ती सालीत रुतून अन्नरस खाली जाण्याचा मार्गच आवळते. मी एका बहाव्याची अशी तार कापायला गेले तेव्हा ती बाहेरून दिसतच नव्हती. खोडावर केवळ एक फुगीर कडे आले होते आणि बोटाने चाचपल्यावर आत धातू लागला. लोखंडी संरक्षक जाळ्यांचीही हीच गत होते, म्हणून जाळी काढण्याची तारीख लावण्याच्या दिवशीच वहीत लिहून ठेवावी.

आता जमिनीविषयी, कारण झाडांच्या निवडीआधी तिचा विचार झाला पाहिजे. नवी मुंबईतील खाडीलगतच्या विभागांत बरीच जमीन भरावाची आहे. वर फूट-दोन फूट मुरूम आणि लाल माती, खाली खाडीचा चिकण गाळ आणि त्याखाली खारे पाणी, असा थर अनेक ठिकाणी सापडतो. मार्चपासून जमीन तापू लागली की खालचा क्षार ओलाव्यासोबत वर चढतो आणि पृष्ठभागावर पांढरी पूड दिसू लागते. पावसात तोच क्षार पुन्हा खाली धुपून जातो. म्हणून मातीची तपासणी ऑक्टोबरात करून फसू नका, ती मे महिन्यात करा आणि सामू (माती आम्ल आहे की अल्कधर्मी, याचे माप) व विद्युतवाहकता (मातीत क्षार किती, याचे माप) या दोन्ही गोष्टी मागून घ्या. त्याच वेळी 3 फूट खोल खड्डा घेऊन तो पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात पाणी तसेच उभे असेल तर त्या जागी सोनचाफा, सीताअशोक किंवा बहावा लावू नका. जमिनीच्या वर दीड फूट उंचीचा मातीचा ओटा करून त्यावर लागवड करा, म्हणजे निदान पहिल्या काही वर्षांत मुळांना श्वास घेता येईल. ठाण्यात येऊरच्या पायथ्याला असाल तर अडचण उलटी असते, तेथे पाणी थांबतच नाही आणि पहारीला कातळ लागतो. माझ्या घोडबंदरच्या बागेत मी अशी एकही चाचणी केली नव्हती आणि 31 खड्डे डोळे मिटून एकाच मापाचे खणले होते.

नेरूळसाठी माझी निवड अशी राहील. खाडीच्या बाजूला 1 उंडी, कारण ती मुळातच किनाऱ्यावरची आहे आणि खारा वारा व क्षार दोन्ही सोसते. तिच्या जागी भेंड किंवा करंजही चालेल. आतल्या बाजूला 2 बकुळी आणि 1 ताम्हण. ताम्हण हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प आहे, ओल सहन करते आणि मे महिन्यात जांभळ्या फुलांनी भरून येते. बकुळ अतिशय सावकाश वाढते आणि पहिली 5 वर्षे तिच्याकडे पाहून मंडळी निराश होतात. परंतु तिची दाट सावली, बळकट खोड आणि सुकल्यावरही न जाणारा फुलांचा वास यांमुळे स्मृतिउद्यानासाठी याहून योग्य झाड मला माहीत नाही. लहान झाडांत 3 पारिजातक, 2 खुरचाफे आणि 1 कांचन. खुरचाफा मूळचा मध्य अमेरिकेकडचा असला तरी देवळे आणि समाध्यांच्या आवारात तो इतका रुळला आहे की त्याला कोणी परका म्हणणार नाही, आणि तो फांदीपासून लागतो हा त्याचा मोठा गुण आहे. गुलमोहर आणि पर्जन्यवृक्ष लावू नयेत, कारण त्यांच्या फांद्या ठिसूळ असतात. वड आणि पिंपळ यांच्याविषयी आदर असला तरी 4 गुंठ्यांत आणि गटारे व भिंतींच्या शेजारी त्यांना जागा नाही. एखाद्या बौद्ध कुटुंबाने पिंपळाची इच्छा व्यक्त केली तर उद्यान विभागाकडे मोठ्या मैदानाच्या कडेची जागा मागावी, पण ती इच्छा डावलू नये.

फुलोऱ्याचा काळ आणि आठवणीचा दिवस यांची सांगड घालता आली तर अवश्य घालावी. ठाण्याच्या तुरुंगात 19 एप्रिल 1910 रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी देण्यात आली; त्या दिवशी उमललेले झाड हवे असेल तर बहाव्याला पर्याय नाही. 25 सप्टेंबर 1930 हा उरणजवळच्या चिरनेरच्या जंगल सत्याग्रहाचा दिवस, त्यात पोलिसांच्या गोळीबारात माणसे गेली; तेव्हा पारिजातक आणि तेरडा फुललेले असतात. नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींवरून झालेले आणि गोळीबारात बळी गेलेले जासईचे शेतकरी आंदोलन 16 आणि 17 जानेवारी 1984 चे, तेव्हा शेवंती आणि झेंडू यांचा भर असतो. घरगुती आठवणींचे दिवस मात्र वर्षभर विखुरलेले असतात, म्हणून वहीतल्या तारखा महिन्यांप्रमाणे मांडून पाहा. ज्या महिन्यात नावे आहेत पण बागेत एकही फूल नाही, त्या महिन्यासाठी वाफ्यात काहीतरी लावा. आमच्याकडे फेब्रुवारी असा रिकामा निघाला होता, तेथे आम्ही अबोली वाढवली.

झाडांपेक्षाही लोकांचा जीव गुंततो तो घरून आणलेल्या कुंड्यांत. घर विकले जाते, मुले दुसऱ्या शहरात असतात, आणि आईची तुळस किंवा वडिलांचे जास्वंद कोणाला द्यावे हे कळत नाही म्हणून ते मंडळाकडे येतात. हे काम मंडळाने मनापासून स्वीकारावे, फक्त कुंडीतले झाड जसेच्या तसे जमिनीत लावून मोकळे होऊ नये. कळव्याहून एक मुलगा आईचा मोगरा घेऊन आला होता. प्लास्टिकचे जुने पिंप, एका बाजूला तडकलेले, त्यातून मुळे बाहेर येऊन उन्हात करपलेली, आणि वरच्या मातीत आईने खोचलेली अंड्यांची टरफले तशीच होती. झुडूप निदान 15 वर्षांचे असावे. आम्ही ते जमिनीत लावले, पण त्याआधी पेन्सिलीएवढ्या जाडीच्या 6 फांद्या काढून त्यांची छाट कलमे केली आणि खालच्या 2 फांद्या वाकवून मातीत दाबून दाब कलमे धरली. मूळ झुडूप त्याच पावसाळ्यात गेले. 8 पैकी 5 कलमे जगली. 4 आमच्या शिळेजवळ आहेत आणि 1 आम्ही त्याला त्याच्या नव्या घराच्या खिडकीसाठी परत दिले. दरवर्षी जानेवारीत मोगऱ्याची छाटणी करतो तेव्हा तो सुट्टी काढून येतो आणि कात्री स्वतः चालवतो. जुने झाड घेताना कुटुंबाला आधीच सांगावे की आपण ते झाड वाचवण्याचा प्रयत्न करूच, पण त्याची पिले मात्र नक्की करून ठेवू. बागेच्या मागे जाळीखाली प्रत्येक जातीची 2-2 राखीव रोपे मोठ्या पिशव्यांत वाढवत ठेवावीत, हेही त्यातच आले.

रक्षेचा प्रश्न नाजूक आहे, म्हणून थोडा विस्ताराने सांगते. मुळाशी रक्षा घातली की माणूस झाडाच्या रूपाने राहतो अशी भावना अनेकांची असते आणि तिचा मान राखला पाहिजे, परंतु रोपाच्या दृष्टीने रक्षा हे खत नव्हे. तिच्यात मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट आणि क्षार असतात, तिचा सामू फार अल्कधर्मी असतो, आणि लाकडावरच्या दहनात त्यात लाकडाची राखही मिसळलेली असते. एका अस्थिकलशातली सगळी रक्षा खड्ड्यात ओतून त्यावर रोप लावले तर कोवळी मुळे जळतात. रोप तगले तरी मातीतले लोह त्याला घेता येत नाही आणि नवी पाने शिरा हिरव्या व मधला भाग पिवळा अशी निघतात. अनंत आणि सोनचाफा यांच्यावर ही लक्षणे सर्वांत आधी दिसतात. नेरूळच्या खाऱ्या जमिनीत तर हा भार आणखी वाढतो. आमची रीत अशी आहे: कुटुंबाने कलशातून फक्त एक मूठ रक्षा आणावी, ती 2 घमेली कुजलेल्या शेणखतात किंवा गांडूळखतात चांगली मिसळावी, आणि ते मिश्रण वाढलेल्या झाडाच्या फांद्या जेथपर्यंत पसरल्या आहेत त्या घेराखाली भर पावसाळ्यात पातळ पसरावे. रोपाच्या खड्ड्यात रक्षा अजिबात घालू नये. उरलेल्या रक्षेचे विसर्जन कुटुंबाने आपल्या रीतीप्रमाणे करावे. अस्थींचे तुकडे मातीत पुरू देऊ नयेत, कारण ती जागा सार्वजनिक आहे आणि पुढे कोणाच्या कुदळीला ते लागले तर सर्वांनाच क्लेश होईल. जागेच्या मालकाची याला लेखी संमती असावी, हे वेगळे सांगायला नको.

सर्वपित्री अमावास्येला लोक पान वाढून आणतील आणि कावळ्याची वाट पाहतील. त्यांना अडवू नका. वाफ्यांपासून दूर एक सपाट दगड त्यासाठी ठेवा आणि संध्याकाळी तो धुऊन काढण्याची पाळी ठरवून द्या, नाहीतर रात्री उंदीर येतात आणि ते पुढे मुळे कुरतडू लागतात. दिव्यांसाठी वाळू भरलेली एक पसरट परात पुरते, शिळेवर दिवा ठेवला तर तेलाचा डाग दगडात मुरतो. हार वाहिले जाणारच, त्यांतला दोरा आणि प्लास्टिक काढून निर्माल्य खताच्या टोपलीत घालावे आणि ते खत याच बागेत वापरले जाते हे येणाऱ्याला सांगावे. ऐकून बरे वाटते असा माझा अनुभव आहे. 2 नोव्हेंबरला ख्रिस्ती कुटुंबे मेणबत्त्या घेऊन येतात, त्यांनाही तीच परात चालते.

मंडळाच्या रोजच्या कामात पहिले 3 उन्हाळे हीच खरी कसोटी असते. फेब्रुवारीपासून पावसापर्यंत प्रत्येक रोपाला दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी 15 ते 20 लिटर पाणी, रुंद आळे आणि आळ्यात 3-4 इंच पालापाचोळ्याचे आच्छादन, एवढे अखंड झाले तर बाकीच्या चुका झाडे पोटात घालतात. आच्छादन खोडाला टेकू देऊ नये. 22 सभासदांच्या 11 जोड्या करून प्रत्येक जोडीला ठरावीक दिवस द्या, आणि सुट्टीत गावी जाणाऱ्यांनी आपला बदली माणूस वहीत लिहूनच जावे. रोपे मरतात ती बहुतेक मे महिन्यातल्या त्या 10 दिवसांत, जेव्हा प्रत्येकाला वाटते की दुसऱ्याने पाणी घातले असेल. पावसाळ्यात आफ्रिकन गोगलगाई एका रात्रीत कोवळ्या रोपांचे शेंडे फस्त करतात. संध्याकाळी ओली गोणपाटे पसरून ठेवावीत, पहाटे त्यांखाली जमलेल्या गोगलगाई हातमोजे घालून उचलाव्यात आणि मिठाच्या पाण्यात टाकाव्यात, पण ते खारे पाणी वाफ्यात ओतू नये.

बागेत येणाऱ्या शोकाकुल माणसाशी कसे वागावे, हे कोणी विचारलेले नाही, तरी लिहिते. त्याला माहिती देऊ नका आणि सांत्वनही करू नका. नमस्कार करा, पाण्याची भरलेली झारी त्याच्या हाती द्या आणि आपल्या कामाला लागा. हाताला काम मिळाले की माणूस स्वतःच बोलू लागतो, आणि बोलला नाही तरी अर्धा तास त्याला तेथे थांबायला निमित्त मिळते. येणाऱ्यांत वृद्ध अधिक असतात; म्हणून पाठ आणि हात टेकता येतील असा एक तरी बाक सावलीत असावा आणि त्याच्यापर्यंतची वाट पावसातही न निसरणारी असावी.

कागदोपत्री दोन गोष्टी पक्क्या करा. देखभालीचा करार मंडळाच्या नावाने असावा, एका उत्साही सभासदाच्या नावाने नको. दुसरे म्हणजे, महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 आपल्या शहरांना लागू आहे. त्यामुळे आपणच लावलेले झाडदेखील पुढे तोडायचे किंवा हलवायचे तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. चुकीच्या जागी लावलेले झाड सहज काढता येत नाही, हे खड्डा खणण्याआधी सर्वांना ठाऊक असू द्या. कुटुंबांकडून देणगी घ्यावी, पण ती झाडाची किंमत म्हणून घेऊ नये आणि कमी देणाऱ्याचे व जास्त देणाऱ्याचे नाव शिळेवर एकाच आकारात असावे.

राहिला 5 जूनचा प्रश्न. आपल्या पट्ट्यात मोसमी पाऊस साधारण 10-11 जूनला येतो आणि कित्येकदा लांबतो. 5 जूनला जमीन तव्यासारखी तापलेली असते, टँकरचा भरवसा नसतो, आणि छायाचित्रे काढून झाल्यावर रोपे तशीच उन्हात राहतात. मे महिन्यात माती तपासून खड्डे घ्या, ते 3 आठवडे उन्हात तापू द्या, जूनच्या अखेरीस दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर पोयटा आणि शेणखत घालून भरा, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात कोणताही समारंभ न करता लागवड उरका. पारिजातकाची मात्र 5-6 फुटी, पिशवीत फुलावर आलेली रोपे निवडा. कुटुंबांना सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका रविवारी सकाळी साडेसहाला बोलवा. तोवर पाऊस ओसरलेला असेल, शिळा बसलेली असेल आणि पारिजातक बहरात असेल. पडलेले फूलही देवाला चालते असे हे झाड आहे, त्यामुळे कोणालाही फांदीला हात लावावा लागणार नाही. त्या दिवशी पहाटे बागेत झाडू मारू नये, एवढे मात्र उद्यानाच्या माळीदादांना आदल्या संध्याकाळीच आठवणीने सांगून ठेवा.